जिभेला न पुरणारे केस

घोड्याला खरारा करतात, बैलाला पोळ्याआधी नदीवर नेऊन धुतात, म्हशीची पाठ घासतात, मेंढी कातरतात. पाळलेल्या प्रत्येक जनावरासाठी मराठीत एखादं काम आणि त्या कामाचं क्रियापद आहे. मांजराचं मात्र असं काही नाही. ‘मी जरा मांजर विंचरून येते’ असं गावाकडे फोनवर सांगून पाहा. पलीकडून आधी शांतता आणि मग हसू ऐकू येईल. यात गावाकडच्यांचं काही चुकत नाही. वाड्यात, चाळीत, कौलावर राहणारं मांजर स्वतःची आंघोळ स्वतःच्या जिभेनं करतं. आपण त्याला दुधाची वाटी दिली आणि चुलीजवळची ऊब दिली, की देणंघेणं संपलं.

मग ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या तुमच्यावर, घरात पर्शियन किंवा रॅगडॉल आहे म्हणून, रोज संध्याकाळी फणी घेऊन जमिनीवर बसायची वेळ का यावी? उत्तर निदान चारशे वर्षं मागे जातं, आणि त्याची वाट गोव्यावरून आणि पुण्यावरूनही जाते.

पिएत्रो देला वाल्ले हा रोमचा प्रवासी १६२० साली इस्फहानमध्ये होता. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यानं खोरासान प्रांतातल्या मांजरांचं वर्णन केलं आहे. करड्या रंगाची, अंगावर पट्टे नसलेली, रेशमासारख्या मऊ चकचकीत केसांची ही मांजरं. सगळ्यात लांब केस शेपटीचे, आणि ती शेपटी खारीसारखी पाठीवर वळवून चालायची त्यांची ऐट. त्यानं चार जोड्या इटलीला न्यायचा बेत केला होता. त्याच वर्णनात एक वाक्य आपल्या कामाचं आहे: पोर्तुगीजांनी ही मांजरं इराणहून हिंदुस्थानात नेली, असं तो सांगतो. कुठल्या बंदरात उतरवली हे तो सांगत नाही, पण तेव्हा हिंदुस्थानातल्या पोर्तुगीजांची राजधानी गोवा होती, आणि देला वाल्ले स्वतःही पुढे १६२३ मध्ये गोव्याला पोचला. म्हणजे ज्या जनावराला आपण आज ‘फॉरेनचं मांजर’ म्हणतो, ते आपल्या किनाऱ्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच निघालेलं होतं.

दुसरा साक्षीदार तर आपल्या चांगलाच ओळखीचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८०८-०९ मध्ये तो कंपनीचा वकील म्हणून पेशावरला शाह शुजाच्या दरबारी गेला, तिथून परतल्यावर १८११ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आला, आणि तो पुण्यात असतानाच, १८१५ साली, काबूलच्या राज्याविषयीचं त्याचं जाडजूड पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं. त्यात घोडे, उंट, शिकारी कुत्री यांच्या शेजारी लांब केसांच्या मांजरांचीही नोंद आहे. अफगाण लोक त्यांना ‘बुराक’ म्हणत. ती मोठ्या संख्येनं परदेशी जात आणि सगळीकडे ‘इराणी मांजर’ या नावानं विकली जात. इराणात ती फारशी नव्हतीच, आणि तिथून बाहेरही क्वचितच जात, असं एल्फिन्स्टन म्हणतो. खडकीच्या लढाईत, ५ नोव्हेंबर १८१७ ला, संगमावरचा त्याचा बंगला आणि ग्रंथसंग्रह जळाला. पुस्तक आधीच छापून झालेलं होतं म्हणून ही नोंद आपल्या हाती उरली.

थोडक्यात, ‘पर्शियन’ हा व्यापाऱ्यांनी मारलेला शिक्का. नागपुरी संत्री कुठलीही असोत, टोपलीवर ‘नागपुरी’ लिहिलं की खपतात, तसलाच प्रकार.

पुढची कथा इंग्लंडात घडते. १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर या चित्रकारानं मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि मांजर हे उंदीर मारणारं जनावर न राहता बक्षीस मिळवणारं जनावर झालं. बक्षीस मिळवायचं तर केस जास्त लांब, जास्त दाट, चेहरा जास्त गोल हवा. लांब केसांच्या मांजरांचे आपसांत संकर झाले, पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या गेल्या. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी केस फुलवायचे तर अंगाला फुलर्स अर्थ चोळून ती ब्रशनं झाडून काढायची अशी तिथल्या शौकिनांची रीत होती. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. (तुम्ही ते करू नका. उरलेली पूड मांजर चाटतं आणि ती त्याच्या पोटात जाते.)

या निवडीचा परिणाम किती खोल गेला ते आता जनुकांत दिसतं. केसाला ‘आता वाढ पुरे’ असा निरोप देणारं एक जनुक असतं, एफजीएफ-५ नावाचं. त्यात बिघाड झाला की निरोप वेळेवर पोचत नाही आणि केस वाढत राहतो. २००७ मध्ये मांजरांत या जनुकाचे चार वेगवेगळे बिघाड सापडले. हा गुण दबून राहणारा आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून दोन आखूड केसांच्या गल्लीतल्या मांजरांना अचानक एखादं झुबकेदार पिल्लू होऊ शकतं, आणि शेजारीपाजारी उगाच कुजबुजतात. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात जगभरच्या मांजरांच्या जनुकांची तुलना झाली. तेव्हा आजची पर्शियन मांजरं रक्तानं पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जवळची निघाली. इराण-तुर्कस्तानच्या बाजूची नव्हेत. एल्फिन्स्टन म्हणाला होता की ही इराणची नाहीत. दोनशे वर्षांनी प्रयोगशाळेनं सांगितलं की आता तर ती त्या बाजूचीसुद्धा उरलेली नाहीत. नाव तेवढं टिकलं.

आता मुद्द्याकडे, म्हणजे जिभेकडे. मांजराची जीभ हातावर घासली की कानस फिरवल्यासारखी लागते, कारण तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये अॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी हे काटे बारकाईनं तपासले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. काटे भरीव नसून टोकाशी पोकळ असतात, छोट्या पळीसारखे. ते तोंडातली लाळ उचलतात आणि केसांच्या मुळाशी नेऊन सोडतात. तिथे ती वाळताना मांजराला गारवाही मिळतो. घरातल्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत मार्जारकुळातल्या सहा प्राण्यांत त्यांना हीच रचना दिसली. चाटताना दाबलेल्या केसांची जाडी आणि काट्यांची लांबी यांचं गणितही जुळलं: काटा कातडीपर्यंत पोचतो. हे गणित जिथे फसलं ते मांजर होतं पर्शियन. त्याचे केस इतके दाट की दाबले तरी जीभ तळाशी जात नाही.

म्हणजे लांब केस माणसानं निवडले, पण त्याबरोबर जीभ लांब करायची राहून गेली. फणी ही हौस नाही. जिभेचं जे काम आपण तोडलं, ते भरून द्यायची ती वस्तू आहे.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आणखी घट्ट होतो, आणि त्याचं कारण केसांत नाही, कायद्यात आहे.

मांजर या खंडात १७८८ च्या पहिल्या आरमाराबरोबर आलं. पुढे ससे आणि उंदीर आवरावेत म्हणून लोकांनी मांजरं मुद्दाम रानात सोडली. एकोणिसावं शतक संपेपर्यंत ती जवळपास सगळ्या खंडभर पसरली होती, आणि आज देशाच्या ९९.८ टक्के भूभागावर रानमांजरं आहेत. ती बहुतेक आखूड केसांचीच दिसतात. बुरांडी आणि काटेरी गवताच्या या देशात विंचरायला कुणी नसेल तर झुबकेदार शेपटीचा काय उपयोग, हे तुम्हीच ताडा. बिल्बी, नंबॅट, जमिनीवर घरटं करणारे पक्षी यांना या मांजरांनी मोडीत काढलं. मग हळूहळू पाळीव मांजरावरही बंधनं आली. मेलबर्नजवळच्या डॅन्डेनाँग डोंगरात लायरबर्ड वाचवण्यासाठी तेव्हाच्या शेरब्रुक शायरनं १९९१ मध्ये मांजरांना रात्रीची संचारबंदी लावली. व्हिक्टोरियातल्या अनेक कौन्सिलांनी पुढे तोच रस्ता धरला. कॅनबेरात तर १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर घरात किंवा मालकाच्या कुंपणबंद जागेतच ठेवावं लागतं.

मला हा कायदा योग्य वाटतो. ‘मांजराला कोंडून ठेवणं पाप’ असं म्हणणाऱ्या आपल्या लोकांशी माझा वाद असतो; ज्या देशात मार्जारकुळातलं एकही जनावर मुळात नव्हतं तिथे पुण्यातल्या वाड्याचा न्याय चालत नाही. पण कोंडलेल्या मांजराच्या केसांचा हिशेब बदलतो, हेही खरं. बाहेर दिवस लहानमोठा होतो त्याप्रमाणे केस ऋतूंत झडतात. घरात रात्री अकरापर्यंत दिवे आणि हिवाळ्यात हीटर, त्यामुळे ते वर्षभर थोडेथोडे गळत राहतात. हे गळलेले केस वरच्या दाट थरात अडकून बसतात. सोफ्यावर दिसतात ते निम्मेसुद्धा नसतात.

आणखी एक गोष्ट इथल्या मराठी घरांना सोसावी लागते. भारतातून मांजर थेट ऑस्ट्रेलियात आणता येत नाही. रेबीजच्या नियमांत भारत मान्य देशांच्या यादीत नाही. आधी त्याला एखाद्या मान्य देशात ठेवायचं, तिथल्या तपासण्या आणि परवाने पुरे करायचे, आणि मग मेलबर्नच्या मिकलमला क्वारंटाईन. वेळ आणि खर्च ऐकून बहुतेक लोक हात टेकतात. म्हणून मनी आजीकडे राहते आणि इथे आल्यावर मुलांच्या हट्टासाठी नवं मांजर येतं, आणि ते बऱ्याचदा लांब केसांचं असतं, कारण फोटोत तेच गोंडस दिसतं. मागे राहिलेल्या मनीला फणी कधी लागली नव्हती, त्यामुळे नव्या मांजराला ती लागते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग दोन महिन्यांनी काखेत हात घातला की बोटांना गाठ लागते.

या गाठीला मराठीत नेमका शब्द आहे: जट. आणि त्या शब्दाला आपल्याकडे इतिहासही आहे, सुखाचा नाही. केसात जट आली म्हणजे देवीचं बोलावणं, असं समजून महाराष्ट्रात आणि सौंदत्तीच्या वाटेवरच्या सीमाभागात किती मुली यल्लम्माला वाहिल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव बायकांना समजावून त्यांच्या जटा कापतात. ते जे समजावतात तेच मांजराच्या बाबतीतही खरं आहे: जट आकाशातून पडत नाही. केसावर बारीक खवले असतात. तेलकटपणा, ओल आणि घासणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि पिळत जातात. कोल्हापूर-सोलापूरकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचं जेन करतात ते याच तत्त्वावर. लोकर पसरायची, भिजवायची, दाबून मळायची. विणकाम नाही, तरी घट्ट चादर तयार होते.

हे जेन डोळ्यांपुढे ठेवलंत तर घरच्या घरी काय करायचं आणि काय नाही, हे पाठ करावं लागत नाही. जट असताना आंघोळ घातली तर तुम्ही जेन करता आहात; पाण्यानं ती आवळते. आधी विंचरणं, मग गरज असेल तरच पाणी. खोबरेल तेल लावून जट सोडवण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो, पोरीच्या केसांना चालतं ना म्हणून. तेलानं केस चिकटतात, धूळ धरतात, आणि ते सगळं मांजर चाटतं. टी-ट्री तेल तर घरातल्या बाटलीतलं थेंबभरही नको. इथल्या दुकानांत ते ‘नैसर्गिक’ म्हणून ठेवलेलं असतं, पण मांजराला ते विष आहे.

कात्रीचंही तसंच. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते; जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि कात्रीला जट कुठली आणि कातडी कुठली हे कळत नाही. व्हेटकडे टाके घालायला येणाऱ्या मांजरांत ही मंडळी नेहमीची. जट लहान असेल तर तिचं मूळ कातडीजवळ दोन बोटांच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीवर येणार नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. बोटानं सुटत नसेल, कातडीला चिकटून बसली असेल, तर ते काम मशीनचं आणि जाणत्या हाताचं.

या मशीनचं मूळ मात्र अस्सल इथलं आहे. फ्रेडरिक वूल्झली हा न्यू साऊथ वेल्समधल्या वॉलगेटजवळच्या युरोका स्टेशनचा मालक. मेंढ्या कातरायचं यंत्र करण्यात त्यानं वर्षानुवर्षं घालवली. १८८८ मध्ये डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर चाळीस कातरणाऱ्यांनी पूर्ण हंगाम त्याच्या यंत्रावर केला: १,८४,००० मेंढ्या. सरकत्या पात्याचा हा दातेरी कंगवा आता पर्शियनच्या पोटावरही फिरतो. वूल्झलीच्या कारखान्यातल्या हर्बर्ट ऑस्टिननं पुढे मोटारी बनवल्या, आणि ती कंपनी नंतर मॉरिसनं घेतली. त्या मॉरिसच्याच एका मोटारीवरून आपली अँबेसेडर आली, पण ते राहू द्या.

रोजच्या कामाला लागतं ते साधं आहे. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा, त्याच्या पाठोपाठ बारीक दातांचा. वाकड्या तारांचा ब्रश वरवर केस फुलवतो आणि काम झाल्याचं समाधान देतो. खाली जट तशीच असते. आधी कंगवा कातडीपर्यंत सहज जातो का ते पाहा. तो जात असेल तर ब्रश हवा तेवढा फिरवा. जागा ठरलेल्या आहेत: कानांमागे, काखेत, पोटावर, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला, गळपट्ट्याखाली. पाठीवरून कंगवा फिरवून घेणं कुठल्याही मांजराला आवडतं, म्हणून आपण पाठच विंचरत बसतो. पोटाला हात लावला की ओरबाडतं, म्हणून पोट राहून जातं, आणि जट तिथेच होते. दिवसाला पाच मिनिटं, एक जागा आज, दुसरी उद्या. शेपटी रागानं आपटायला लागली की थांबायचं. चपट्या नाकाच्या मांजराचे डोळे रोज ओल्या कापसानं पुसायचे. तो चेहराही माणसानंच निवडला आहे, आणि त्याच्या अश्रूंची वाट त्यात वाकडी झाली आहे.

उन्हाळ्यात सगळे केस काढून सिंहासारखी आयाळ ठेवायची फॅशन इथे दिसते. जटांनी अंग भरलं असेल तर ते औषध आहे. नुसत्या फोटोसाठी असेल तर मला पटत नाही. उघड्या कातडीला इथलं ऊन भाजतं, आणि पांढऱ्या मांजरांच्या कानानाकाला कॅन्सर होणं या देशात नवं नाही.

केस कमी करायचं खरं कारण पूर्व किनाऱ्यावर आहे. उत्तर क्वीन्सलँडपासून व्हिक्टोरियाच्या गिप्सलँडपर्यंतच्या पट्ट्यात लकवा आणणारी गोचीड असते. गोचीड हा शब्द आपल्याला गाईबैलांमुळे माहीत. ही त्या गोचिडीसारखी रक्त पिऊन गळून पडणारी नव्हे, चावताना लाळेतून विष सोडणारी. तिचा मूळ यजमान बँडिकूट. (हे नाव तेलुगूतून इंग्रजीत गेलं, आपल्या घुशीचं. इंग्रजांना इथला प्राणी पाहून घूस आठवली.) १८२४ मध्ये ह्यूमबरोबर पोर्ट फिलिपकडे चाललेल्या हॉव्हेलनं आपल्या रोजनिशीत या गोचिडीची आणि तिच्या जीवघेणेपणाची नोंद केली होती. १९३० च्या दशकात इयन क्लुनीज रॉस यांनी दाखवलं की थोडं थोडं विष पचवलेल्या कुत्र्याच्या रक्तात उतारा तयार होतो. कुत्र्यांच्या रक्तातून काढलेला तो उतारा आजही व्हेट वापरतात, आणि तो स्वस्त नसतो.

गोचीड चिकटल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते पाच दिवस जातात. आखूड केसांच्या मांजरावर हात फिरवला की ती मसुराएवढी लागते. लांब केसांत ती मानेजवळ, खांद्यांवर, कानामागे दडून बसते आणि आठवडाभर कुणाला कळत नाही. म्हणून सिडनी-ब्रिस्बेनकडचे व्हेट सप्टेंबरपासून लांब केस आखूड करून घ्यायला सांगतात; किती आखूड, ते त्यांनाच विचारा. मांजर घरातलं असलं तरी बागेतून आलेला कुत्रा किंवा तुमचा बुशवॉकचा टीशर्ट गोचीड आत आणू शकतो. कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिनचं औषध मात्र चुकूनही मांजराला लावू नका. कुत्र्याला वाचवणारं ते द्रव्य मांजराला मारतं.

वसंत लागला की विंचरताना कंगवा बाजूला ठेवून एकदा दहा बोटांनी नाकापासून शेपटीपर्यंत कातडी चाचपा, बोटांमधल्या फटी आणि कानांच्या घड्यांसकट. मागचे पाय डगमगायला लागले, म्यावचा आवाज बदलला, श्वास जड झाला, तर खायला-प्यायला काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. मांजर गार अंधाऱ्या पेटीत ठेवा आणि व्हेटकडे निघा. रविवार असला तरी सोमवारची वाट पाहू नका.